ॲम्प बदलला आणि आवाजातली जान गेली? परत करायच्या आधी हे तपासा

नवीन रिसिव्हर आणला, जुना ॲम्प काढून त्याच्या जागी जोडला, स्पीकर तेच, गाणी तीच, आणि पहिल्याच संध्याकाळी वाटायला लागलं की आवाज पातळ झालाय, तबल्यात दम नाही, गायक शेजारच्या खोलीतून गातोय. ही तक्रार मी मित्रांकडून ऐकली, ऑफिसातल्या लोकांकडून ऐकली, सोसायटीतल्या काकांकडून ऐकली आणि तीन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या घरात ऐकली, म्हणून आता एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. उलटी तक्रार, म्हणजे तक्रार कसली, कौतुकच, तेही तितकंच ऐकू येतं बरं का, "नवीन ॲम्प लावला आणि काय मोकळा आवाज झालाय, आधी न ऐकलेल्या गोष्टी ऐकू यायला लागल्या" वगैरे. दोन्हींची कारणं बहुतेक वेळा एकच निघतात.

माझं म्हणणं काय आहे ते आधी सांगतो. ट्रान्झिस्टरवाले, धडधाकट अवस्थेतले, बऱ्यापैकी बनवलेले कुठलेही दोन ॲम्प घ्या, त्यांच्या ताकदीच्या आत वाजवा, दोघांची पातळी मीटरने मोजून सारखी करा, टोन-बिन सगळं बंद ठेवा, आणि कुठला चालू आहे ते न बघता ऐका. ओळखता येत नाहीत. पण म्हणून घरात ज्याला फरक ऐकू येतो तो माणूस काही खोटं बोलत नसतो, फरक असतोच, फक्त तो ॲम्पच्या गुणात नसून जोडणीत, सेटिंगमध्ये, पातळीत किंवा स्पीकर आणि ॲम्प यांच्या न जमलेल्या जोडीत असतो. आणि तिथे असतो म्हणूनच तो शोधता येतो, बऱ्याचदा एक रुपया न घालवता.

आमच्याकडचं उदाहरण घेतो कारण त्यात जवळजवळ सगळे प्रकार एकाच वेळी आले होते. चिंचवडला आमचा हॉल ११ बाय १३ चा आहे, अण्णांचा (माझे वडील) ऐंशीच्या दशकातला दोन चॅनलचा देशी इंटिग्रेटेड ॲम्प होता, आणि टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, फोन सगळं एका ठिकाणी जोडता यावं म्हणून मी एव्ही रिसिव्हर आणला. स्पीकर जुनेच ठेवले, ८ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), दोनच. शनिवारी दुपारी जोडला, माइक लावून करायचं ते सेटिंग घाईत सोडून दिलं, संध्याकाळी अण्णांनी भीमसेनजींचं एक रेकॉर्डिंग लावलं आणि पाच मिनिटांत म्हणाले, "अरे, हा डग्गा आहे की बिस्किटाचा डबा? घुमारा कुठे गेला?" मी कान देऊन ऐकलं आणि त्यांचं शंभर टक्के खरं होतं, चाटेवरचे बोल टणटणीत येत होते पण डग्ग्याची घसरण, तो जो तळव्याने दाबून काढलेला "घ्यँव" असतो, तो पारच गेला होता, आणि भीमसेनजी दोन स्पीकरच्या मधोमध बसलेले वाटायला हवेत ते खोलीभर पसरले होते. दुकानदाराला फोन केला तर त्याने सांगितलं, रिसिव्हर म्युझिकला असेच असतात, वेगळा पॉवर ॲम्प घ्या, साठ हजारांपासून सुरू. मी ते पैसे देणारही होतो. फक्त मधे रविवार होता म्हणून थांबलो, आणि त्या रविवारी मागच्या वायरींकडे बघितलं.

पहिली गोष्ट तीच, वायरी. आपल्याकडे पारदर्शक वेष्टनाची जी स्पीकर वायर मिळते तिच्या एका तारेवर बारीक लाल किंवा काळी रेघ असते, काही वायरींवर तर रेघ नसते, नुसता एक उंचवटा असतो जो नखाने चाचपावा लागतो. टीव्हीच्या युनिटमागे अंधारात हात घालून जोडताना माझी डाव्या स्पीकरची लाल-काळी उलटी झाली होती. एक स्पीकर उलटा असला की एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, खालचे सूर खोलीत एकमेकांना मारतात, आणि मधोमध असायला हवा तो गळा कुठेच बसत नाही. डग्गा पातळ आणि गायक पसरलेला ही दोन लक्षणं एकत्र आली की आधी हेच बघायचं. वायरीवर भरवसा नसेल तर ॲम्पमधून वायर पूर्ण काढून घ्या आणि साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल त्या टोकांना क्षणभर टेकवा, सेलची प्लस बाजू ज्या तारेला लावल्यावर वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा) बाहेर ढकलला जातो ती तार लाल. वूफरकडेच बघा, कारण काही स्पीकरमध्ये ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा) मुद्दाम उलटा जोडलेला असतो. जाळी काढून बोटाच्या टोकाने पडद्याच्या कडेला हलकं टेकवून ठेवलं तरी तो धक्का कळतो, मी तसंच केलं.

वायर सरळ केली, गायक मधे आला, डग्गा थोडा परतला. पूर्ण नाही.

दुसरी गोष्ट रिसिव्हरच्या मेन्यूत होती. बरेच एव्ही रिसिव्हर कारखान्यातून येताना असं धरून चालतात की तुमच्याकडे सबवूफर आहे आणि पुढचे स्पीकर "स्मॉल" आहेत, म्हणजे ८० हर्ट्झच्या आसपास एक रेघ मारलेली असते आणि तिच्या खालचं सगळं सबवूफरच्या पिनकडे पाठवलं जातं. आमच्याकडे सबवूफर नव्हताच. म्हणजे अण्णांच्या डग्ग्याचा तळ एका रिकाम्या सॉकेटमधून बाहेर पडत होता, तिथे काहीच लावलेलं नव्हतं! मेन्यूत जाऊन सबवूफर "नो" केलं, पुढचे स्पीकर "लार्ज" झाले आणि डग्गा जागेवर आला. हे इतकं साधं आहे आणि इतक्या घरांत तसंच राहून गेलेलं मी नंतर बघितलंय की रिसिव्हर "म्युझिकला बरे नसतात" या समजाचा मोठा भाग या एका सेटिंगमधूनच जन्माला आला असावा असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

त्याच मेन्यूत बाकीही पाहून घ्या. माइकने खोलीची मोजणी करणारे जे प्रकार असतात, ऑडिसी, वायपीएओ वगैरे, ते आवाजाला सरळसरळ इक्वलायझर लावतात, ते त्यांचं कामच आहे, त्यामुळे ते चालू असताना "या रिसिव्हरचा आवाज असा आहे" म्हणण्यात अर्थ नाही, तो त्या इक्वलायझरचा आवाज आहे. ऑडिसीत मोजणी झाली की डायनॅमिक ईक्यू बहुधा आपोआप चालू होतं, ते हळू आवाजात खालचे सूर वाढवतं, आणि डायनॅमिक व्हॉल्यूम चालू राहिलं तर हळू-मोठ्यातलं अंतरच कमी करून टाकतं, आलापीत तानपुरा वर येतो आणि तान आली की सगळं दाबलं जातं. तुलना करताना हे सगळं बंद, किंवा "डायरेक्ट" नाहीतर "प्युअर डायरेक्ट" मोड. मात्र ज्यांच्याकडे खरोखर सबवूफर आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, काही मॉडेलमध्ये डायरेक्ट केलं की सबवूफरही बंद पडतो आणि मग माणूस म्हणतो डायरेक्टमध्ये आवाज अशक्त होतो. तेही खरंच, पण कारण वेगळं.

आता तिसरी गोष्ट, आणि ही नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. पातळी.

दोन ॲम्पमधे आवाजाच्या पातळीत एखाद डीबीचा (डेसिबल, आवाजाची पातळी मोजायचं माप) फरक असला तर कानाला "हा मोठा, तो बारीक" असं वाटतच नाही. वाटतं ते असं की हा जास्त स्पष्ट आहे, याच्यात दम आहे, याच्यात तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येतात. कानाची रचनाच तशी आहे, हळू आवाजात आपल्याला खालचे सूर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात, आणि हे बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये मोजून आलेख काढून दाखवलेलं आहे. म्हणून किंचित मोठा वाजणारा ॲम्प नेहमी "भरदार" वाटतो, आणि दुकानात जो विकायचा असतो तो किंचित मोठा लावला की काम होतं. नॉबच्या जागेवर तर अजिबात जाऊ नका. "नवीनवाला नऊ वाजताच्या काट्यावरच घर डोक्यावर घेतो, म्हणजे पॉवर जास्त" हे मी कितीतरी वेळा ऐकलंय, पण नॉब फक्त सांगतो की आत आलेला सिग्नल किती पटीने वाढवला जातोय, ॲम्पची कमाल ताकद त्याच्यावरून कळत नाही. शिवाय सीडी प्लेअर पूर्ण आवाजाला साधारण २ व्होल्ट देतो आणि फोनचं हेडफोन सॉकेट बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा बरंच कमी देतं, त्यामुळे जुन्या ॲम्पला सीडी आणि नव्याला फोन लावून केलेली तुलना सुरू व्हायच्या आधीच बाद.

पातळी कानाने जुळवता येत नाही, मीटरच लागतो. मी काय केलं ते सांगतो. २०० हर्ट्झच्या एका सरळ सुराची फाइल तयार केली, ती वाजवत स्पीकर जोडलेलेच ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावला. माझ्याकडे घरात होता तो पिवळा स्वस्तातला मीटर, आणि इथे एक गंमत कळली की त्याची एसीची सगळ्यात छोटी रेंजच २०० व्होल्टची आहे, म्हणजे १ व्होल्ट मोजताना तो ०.९, १.०, १.१ एवढंच दाखवणार, आणि १.० चं १.१ झालं तर तेवढ्यात जवळजवळ ०.८ डीबीचा फरक पडतो, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तोच फरक मीटरच्या एका आकड्यात लपून बसतो. मग बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जाऊन एसीला २ व्होल्टची रेंज असलेला मीटर आणला. दोन्ही ॲम्पचं रीडिंग एक टक्क्याच्या आत आणायचं, म्हणजे एकाचं १.००० व्होल्ट आलं तर दुसऱ्याचं ०.९९० ते १.०१० मधे, की फरक ०.१ डीबीच्या आत येतो आणि तेवढ्यावर कान काही सांगू शकत नाही. रिसिव्हरचा आवाज अर्ध्या डीबीच्या पायऱ्यांनी वर-खाली होतो म्हणून त्याला एका आकड्यावर ठेवलं (आमच्याकडे उणे २५) आणि जुन्या ॲम्पचा नॉब केसभर केसभर फिरवून त्याच्याशी जुळवला, मग नॉबवर आणि पॅनेलवर मिळून कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून पेनाने रेघ मारली. डावा-उजवा दोन्ही मोजा, जुन्या ॲम्पच्या व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (नॉबमागचा फिरता भाग) दोन बाजूंत फरक पडलेला असतो.

जुळवल्यावर कळलं की पहिल्या संध्याकाळी मी रिसिव्हर अंदाजाने "तेवढ्याच" आवाजावर ठेवला होता तो प्रत्यक्षात २ डीबीच्या वर कमी होता.

आता इतकं सगळं झाल्यावर परत ऐकलं आणि मला दोघांत फरक वाटेना. अण्णांना मात्र वाटला. "बरा झाला आता, पण आपल्या जुन्याचा भरलेला आवाज नाही रे हा." मी म्हटलं अण्णा, सवयीमुळे वाटत असेल, तर म्हणाले की चाळीस वर्षं ऐकतोय, मला सवय आणि आवाज यातलं कळतं. आणि त्यांना कळत होतं! दोन दिवसांनी जुन्या ॲम्पचं पॅनेल पुसताना माझं बोट एका बटणावर अडकलं, इतर बटणांच्या ओळीत ते दोन मिलिमीटर आत होतं, वरची अक्षरं घासून पुसली गेलेली, टॉर्च तिरका धरल्यावर वाचता आलं, "लाउडनेस". दाबलेलं. कोण जाणे कधीपासून. ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक ॲम्पवर हे बटण असायचं, हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात ना, त्याची भरपाई म्हणून ते खालचे सूर चांगलेच वाढवतं, बऱ्याच ॲम्पमध्ये वरचेही थोडे वाढवतं, आणि नॉब जितका कमी तितकं जास्त वाढवतं. म्हणजे अण्णांचा चाळीस वर्षांचा "जुन्या ॲम्पचा भरलेला आवाज" म्हणजे ते बटण होतं. (मग मी २०० हर्ट्झवर जुळवलेलं रीडिंग? तेही त्या बटणामुळे थोडं चुकलेलं होतं, बटण बाहेर काढून परत सगळं मोजावं लागलं. म्हणून मीटर हातात घ्यायच्या आधी दोन्ही पॅनेल बोटाने चाचपून घ्या, बास, ट्रेबल बरोबर मधे, लाउडनेस बाहेर, बॅलन्स मधे.)

त्यानंतरच्या रविवारी खरी परीक्षा घेतली. मुलीने नाणं उडवून ठरवायचं कुठला ॲम्प लावायचा, वहीत लिहायचं, आम्ही दोघं पाठ करून बसलेलो, सोळा वेळा. सोळापैकी निदान बारा बरोबर आले तर म्हणता येतं की हा नुसता नशिबाचा भाग नाही, नाणं उडवून तेवढे बरोबर यायची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे. माझे नऊ आले, अण्णांचे आठ. मग मुलीने आजोबांना न सांगता जुन्याचं लाउडनेस दाबलं आणि अण्णा पहिल्याच ठेक्याला म्हणाले, "हा! हा आपला." त्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत याबद्दल मला त्या दिवसापासून शंका नाही.

अशी अदलाबदल करताना सांभाळून. दोन ॲम्पची आउटपुटं एकाच स्पीकरला एकाच वेळी कधीही लागता कामा नयेत, एक तरी ॲम्प जळेल. सिलेक्टर स्विच वापरणार असाल तर आधी तोडून मग जोडणारा हवा, आणि लाल-काळी दोन्ही तारा बदलणारा हवा, कारण छोट्या क्लास-डी ॲम्पमधे (ते चिपवाले, तळहाताएवढे मिळतात) काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नसतं, तिथेही सिग्नल असतो, आणि ग्राउंड एकत्र केलेल्या स्विचवर तो लावला तर गेला. स्विच नसेल तर बनाना प्लग लावून हाताने बदला, वेळ लागतो आणि आवाजाची आठवण काही सेकंदांतच पुसट होते, पण ॲम्प वाचतो.

हे काही आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा झालेलं नाही. अमेरिकेतल्या स्टीरिओ रिव्ह्यू मासिकाने जानेवारी १९८७ च्या अंकात स्वस्त रिसिव्हरपासून अतिशय महागड्या ॲम्पपर्यंत अशाच आंधळ्या चाचण्या घेऊन छापल्या होत्या आणि ऐकणाऱ्यांचे निकाल नाणं उडवल्यासारखेच आले. रिचर्ड क्लार्क या कार ऑडिओवाल्या माणसाने तर दहा हजार डॉलर लावले होते, पातळी जुळवलेली, ॲम्प ताकदीच्या आत, बाराच्या दोन फेऱ्या आणि सगळे बरोबर ओळखायचे, पैसे कुणालाच नेता आले नाहीत. पण मला यापेक्षा १९८५ ची, ॲम्प बनवणाऱ्या बॉब कार्व्हरची गोष्ट जास्त कामाची वाटते. त्याने स्टीरिओफाइल मासिकाला सांगितलं की तुम्हाला आवडणारा कुठलाही महाग ॲम्प द्या, मी माझा स्वस्तातला ट्रान्झिस्टर ॲम्प त्याच्यासारखा वाजवून दाखवतो. त्यांनी एक ट्यूब ॲम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) दिला. सुरुवातीला फरक सरळ ऐकू येत होता. मग कार्व्हरने दोन्ही ॲम्पच्या आउटपुटची वजाबाकी करून, उरलेला फरक मोजत मोजत आपल्या ॲम्पमधे बदल केले आणि तो फरक ७० डीबी खाली नेला, त्यानंतर ऐकणाऱ्यांना ते वेगळे सांगता येईनात. म्हणजे ट्यूब ॲम्प वेगळा वाजत होता हे खरं, आणि तो वेगळेपणा मीटरने मोजता येण्यासारखाच होता हेही खरं.

तर मग ॲम्प खरोखर वेगळे वाजतात ते कुठे? वरचं सगळं तपासून झालं, तरी फरक उरला तर या बाजूला बघा.

ट्यूब ॲम्प असेल तर फरक असायचाच. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असतं पण तो आकडा सगळ्या सुरांना सारखा नसतो, एखाद्या सुराला तो ४ पर्यंत खाली येतो, एखाद्याला ३० पर्यंत वर जातो. ट्रान्झिस्टर ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा असतो समजा ०.०५ ओहम, त्याला या चढउताराचं काही पडलेलं नसतं, हिशेब केला तर फरक ०.१ डीबीच्याही आत राहतो. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत आत आणून चूक सुधारायची सोय) नसलेल्या ट्यूब ॲम्पचा तोच अडथळा २ ओहम धरा, की ४ ओहमच्या जागी साडेतीन डीबी पडतो आणि ३० ओहमच्या जागी जेमतेम अर्धा, म्हणजे स्पीकरच्या आलेखावर तुम्ही न मागता तीन डीबीचा इक्वलायझर बसला. कुणाला तो आवडतो, आवडू दे की, आवाज गोड होतोच कधीकधी. फक्त दुसऱ्या स्पीकरवर तोच ॲम्प वेगळाच इक्वलायझर लावेल हे लक्षात असू द्या, कारण ती चढउतार स्पीकरची आहे.

दुसरे ते तळहाताएवढे क्लास-डी ॲम्प, टीपीए३११६ वगैरे चिपवाले. त्यांच्या आउटपुटला कॉइल आणि कपॅसिटरची एक चाळणी असते, आणि बऱ्याच स्वस्त बोर्डांत फीडबॅक त्या चाळणीच्या आधीच घेतलेला असतो, त्यामुळे ४ ओहमला आखलेली चाळणी ८ ओहमच्या स्पीकरला लावली की अगदी वरच्या टोकाचे सूर उचलले जातात. झांजा, चाटेची किनार, "स" चा सीत्कार जरा टोचतो. माणूस म्हणतो किती डिटेल आहे! महिनाभराने तोच म्हणतो डोकं दुखतं. ज्यात फीडबॅक चाळणीनंतर घेतलाय अशा नव्या बोर्डांत हा त्रास जवळपास नसतो.

आणि तिसरं, ताकद कमी पडणं, जे घरोघरी होतं. लक्षण ठरलेलं, हळू आवाजात सगळं छान, वाढवला की तान कर्कश होते, तबला चपटा होतो, ऐकून थकायला होतं. १० डीबी वाढवायचे तर दसपट वॉट लागतात, आणि संगीतातले ठोके सरासरीच्या १५-२० डीबी वर उडी मारतात, म्हणजे सरासरी अर्ध्या वॉटवर वाजणारी मैफल समेच्या एखाद्या थापेला ५० वॉट मागू शकते. ते नसतील तर ॲम्प लाटेचा माथा छाटतो. मागे "ए" आणि "बी" असे दोन जोड स्पीकर लावले असतील, एक हॉलमधे एक बेडरूममधे, तर ८ ओहमचे दोन मिळून ॲम्पला ४ ओहम दिसतात, बऱ्याच रिसिव्हरना ते झेपत नाही, एक जोड काढून बघा. पाच-सात चॅनलच्या रिसिव्हरवर लिहिलेले वॉट अनेकदा दोनच चॅनल चालू ठेवून मोजलेले असतात हेही माहिती असावं.

याच्यातच आपल्याकडचा एक प्रकार. माझ्या एका सहकाऱ्याच्या गावी संगमनेरजवळ त्याच्या काकांचा ॲम्प फक्त संध्याकाळी "फाटतो" अशी तक्रार होती, सकाळी तोच आवाज स्वच्छ. स्पीकर बदलून झाले, ॲम्प दुरुस्तीला जाऊन आला, दुरुस्तीवाल्याला दोष सापडेना. मी मीटर घेऊन गेलो, संध्याकाळी साडेसातला सॉकेटवर १८५ व्होल्ट. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्पमधे आतला पुरवठा त्याच प्रमाणात खाली येतो आणि ताकद वर्गाने पडते, २३० चे १८५ झाले की ५० वॉटचा ॲम्प जेमतेम ३२ चा उरतो. घरातल्या फ्रिजला होता तसलाच एक स्टॅबिलायझर त्यालाही लावला आणि तक्रार संपली.

बाकीचं पटकन. एका बाजूचा आवाज मधेमधे जातो, नॉब फिरवताना खरखर येते, तर पॉट आणि सिलेक्टरमधे धूळ आहे, प्लग काढून काँटॅक्ट क्लीनर मारा आणि वीस-पंचवीस वेळा फिरवा. तीस-चाळीस वर्षं जुना ॲम्प गुणगुणत असेल किंवा खालचे सूर गेले असतील तर मोठे कपॅसिटर सुकलेले असू शकतात, ते माहीतगाराकडूनच बदलून घ्या, बंद केल्यावरही त्यात करंट राहतो. गुणगुण फक्त सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर येत असेल तर केबलची वायर मागून काढून बघा, बंद झाली तर तो ग्राउंड लूप आहे, केबलच्या वायरीत आयसोलेटर लावायचा, ॲम्पचा अर्थिंग पिन मात्र कधीही काढायचा नाही. रेकॉर्ड प्लेअर लावणाऱ्यांसाठी एवढंच, दोन ॲम्पचे फोनो इनपुट मात्र खरोखर वेगळे असू शकतात, म्हणून ॲम्पची तुलना कधीही रेकॉर्डवर करू नका.

आमच्याकडे शेवटी काय झालं, तर रिसिव्हर परत केला नाही आणि पॉवर ॲम्पही घेतला नाही. माइकची मोजणी नीट केली, अण्णांसाठी बास चार घरं वर केला, आता ते हॉलमधे काही बोलत नाहीत, नुसते मांडीवर ठेका धरतात. जुना ॲम्प पॉट साफ करून त्यांच्या खोलीत लावला, दोन छोट्या स्पीकरवर, आणि ते घासलेलं बटण मी बाहेर काढून ठेवलं होतं ते त्यांनी त्याच रात्री परत दाबलं.